फिलिंग सुरू करताना दर बॅचला वीस लिटर फेकताय? आधी टँकखालचा व्हॉल्व्ह बघा

गोव्यात वेर्ण्याला एका लिक्विड ओरल, म्हणजे पिण्याच्या औषधांच्या, प्लांटमध्ये मेंटेनन्सला आहे मी, आमच्याकडे सिरप आणि सस्पेन्शन दोन्ही होतात. एक प्रॉब्लेम जवळजवळ दोन वर्षं आमच्या मागे लागला होता. यायचा, दोन-तीन बॅच शांत राहायचा, परत यायचा, आणि दरवेळी काहीतरी वेगळंच कारण लिहून डेव्हिएशन (गडबडीची नोंद) बंद व्हायचं. शेवटी मूळ सापडलं ते व्हॉल्व्हपाशी. व्हॉल्व्ह चांगल्या कंपनीचे होते, ३१६एल स्टेनलेस स्टीलची बॉडी, आतून आरशासारखं पॉलिश, सगळं ठीक, पण एकाची जागा चुकीची होती आणि दुसरा बसवलेला चुकीचा होता. दुसऱ्या कुणाची अशी दोन वर्षं जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितोय.

लक्षणं अशी होती. रात्रपाळीला पॅरासिटामॉलचं सस्पेन्शन बनवून टँकमध्ये होल्डवर ठेवायचं, स्टरर हळू चालू, आणि सकाळच्या शिफ्टला फिलिंग. सकाळच्या पहिल्या बाटल्या घट्ट यायच्या, क्यूसीकडे (तपासणीच्या लॅबकडे) पाठवल्या की अ‍ॅसे, म्हणजे औषधाचं प्रमाण, जास्त. मधल्या बाटल्या व्यवस्थित, शेवटच्याही बहुतेक वेळा व्यवस्थित. म्हणून मग कधीतरी प्रॉडक्शनने ठरवलं की पहिले वीस लिटर सरळ काढून टाकायचे आणि मग फिलिंग सुरू करायचं. वीस लिटर म्हणजे ६० मिलीच्या ३३३ बाटल्या, दर बॅचला! तेही ड्रेनला सोडता येत नाही, ड्रममध्ये भरून रिजेक्ट स्टोअरला ठेवायचं, मग हॅझार्डस वेस्ट म्हणून बाहेर पाठवायचं, त्याचेही पैसे. नंतर ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली की नवीन आलेल्या पोरांना वाटायचं हा प्रोसेसचाच भाग आहे.

दुसरं लक्षण सीआयपीनंतर, म्हणजे टँक आणि लाइन न खोलता आतून धुतल्यावर. ऑरेंज फ्लेवरची बॅच झाली की फायनल रिन्सचं सॅम्पल कधी पास कधी फेल, आणि फेल झालं की परत रिन्स. दीड इंची लाइनमध्ये सीआयपीला साधारण १.५ मीटर प्रति सेकंद वेग धरतात, म्हणजे तासाला पाच हजार लिटरच्या वर पाणी जातं, पाच मिनिटांचं एक जादा रिन्स म्हणजे चारशे लिटरहून जास्त प्युरिफाइड वॉटर. ते बनवताना आरओचं रिजेक्ट वेगळं, आणि शेवटी सगळं ईटीपीला (सांडपाणी प्रक्रियेला). साळावली धरणाचं पाणी गाळून, डीआयोनाइझ करून, इतकी वीज खर्च करून प्युरिफाइड करायचं आणि एका चमच्याएवढ्या पातळ सिरपसाठी ते ओतून टाकायचं, हे मला तेव्हाही बघवत नव्हतं.

आधी कुणाकुणावर खापर फुटलं ते सांगतो, कारण तुमच्याकडेही बहुतेक हेच चालू असणार. पहिलं ऑपरेटरवर, स्टरर बंद ठेवला असेल म्हणून. लॉगबुक बघितलं, स्टरर चालू होता. मग स्टररचा स्पीड वाढवला, तर फेस यायला लागला आणि फिलिंगला व्हॉल्यूम कमी-जास्त व्हायला लागला. मग सस्पेन्शनला घट्टपणा देणाऱ्या झँथन गमचा लॉट बदलून बघितला. व्हॉल्व्हमधल्या रबरी पडद्याचा, म्हणजे डायफ्रॅमचा, वेंडर बदलला. सीआयपीच्या रिन्ससाठी वेळ वाढवला, त्याने फक्त पाणी जास्त गेलं. एकानेही, माझ्यासकट, टँकच्या खाली वाकून टॉर्च मारून बघितलं नाही की माल नेमका कुठे उभा राहतोय.

बघितलं ते चवथीच्या शटडाऊनला. आमच्याकडे चवथीला प्लांट बंद असतो तेव्हाच मोठी कामं होतात. सुट्टी लागायच्या आदल्या संध्याकाळी शेवटची बॅच संपली, टँक रिकामा झाला, आणि सीआयपी करायच्या आधीच मी म्हटलं बॉटम व्हॉल्व्ह खोलून बघू. सोबत आमचे जुने फिटर होते, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, बोरी पुलावरून रोज एकाच बसने येतो आम्ही. टीसी क्लॅम्प (जोड आवळणारी कडी) काढला, व्हॉल्व्ह खाली घेतला, ग्लोव्ह घालून टँकच्या नोझलमध्ये, म्हणजे तळाच्या आखूड नळीत, बोटं फिरवली. भिंतीला पांढरा दाट थर, पेज थंड झाली की भांड्याच्या तळाला शीत बसतं तसा. वर टँकची डिश, म्हणजे गोलसर तळ, स्वच्छ, सगळा माल उतरून गेलेला, आणि नोझलमध्ये मात्र ही खळ. भाऊ म्हणाले, "सर, स्टररचं पातं इथे पोचतंय कुठे?"

तेवढ्या एका वाक्यात सगळं आलं. आमचं नोझल दोन इंची, डिशपासून व्हॉल्व्हपर्यंत २०० मिलिमीटर लांब. दोन इंची ट्यूब आतून ४७.५ मिलिमीटर असते, म्हणजे मीटरला पावणेदोन लिटरच्या आसपास, २०० मिलिमीटरला साडेतीनशे मिली. स्टरर वर टँकमध्ये फिरतो, या साडेतीनशे मिलीला त्याचा पत्ताच लागत नाही, तिथला माल रात्रभर स्थिर, वरून औषधाचे कण हळूहळू त्यात बसत राहतात. सकाळी व्हॉल्व्ह उघडला की तो घट्ट गोळा आधी लाइनमध्ये जातो, पुढच्या मालात ताणला जात मिसळतो, आणि पहिल्या बाटल्यांमध्ये उतरतो.

आता इथे मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. चुकीचा माल साडेतीनशे मिली, आणि आम्ही फेकत होतो वीस लिटर. कारण तो गोळा लाइनमधून कधी संपतो ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून भीतीपोटी भरपूर टाकायचं. व्हॉल्व्हमुळे जो वेस्ट होतो त्यातला बराचसा असाच असतो, आत अडकलेला माल थोडाच, पण त्याच्यामुळे जी शंका तयार होते ती लिटरच्या लिटर माल आणि पाणी खाते. म्हणून वेस्ट कमी करायचा तर यील्डचा तक्ता घेऊन बसायच्या आधी लिक्विड कुठे उभं राहतं ते शोधायला हवं.

आणि हे क्लीनिंग व्हॅलिडेशनमध्ये का पकडलं गेलं नाही, हाही प्रश्न मला पडला होता. एएसएमई बीपीई या उपकरणांच्या मानकाच्या हिशेबाने डेड लेगची (जिथे लिक्विड वाहत नाही, उभं राहतं अशा तुकड्याची) लांबी आतल्या व्यासाच्या दुप्पट किंवा कमी असावी, आमचं नोझल २०० भागिले ४७.५ म्हणजे चारपटीच्या वर. पण सीआयपीच्या वेळी तो डेड लेग नसतोच, सगळं पाणी त्याच्यातूनच बाहेर जातं, मस्त धुतलं जातं, स्वॅब पास. तो डेड लेग होतो फक्त होल्डच्या वेळी, व्हॉल्व्ह बंद असताना. ड्रॉइंगवर डेड लेग मोजणारा माणूस वाहत्या लाइनमध्ये याला धरत नाही. तुमच्याकडे सस्पेन्शन होल्ड होत असेल तर व्हॉल्व्ह बंद आहे असं समजून ड्रॉइंग परत एकदा बघा, वेगळंच चित्र दिसेल.

लगेच करता येण्यासारखा उपाय आम्ही असा केला. फिलिंगच्या आधी ट्रान्सफर पंपने दहा मिनिटं रिसर्क्युलेशन, खालून घ्यायचं आणि वरून परत त्याच टँकमध्ये सोडायचं, स्टरर चालू ठेवून. नोझलमधला घट्ट माल परत बॅचमध्ये मिसळतो, मग टँकच्या वरून-मधून-खालून सॅम्पल काढून क्यूसीने बघायचं. रिटर्न लाइन लिक्विडच्या पृष्ठभागाखाली किंवा टँकच्या भिंतीवरून सोडा, वरून धबधबा पडू देऊ नका, हवा शिरते. आणि हे कुणाच्या तोंडी आदेशावर करू नका, क्यूएकडे (गुणवत्ता विभागाकडे) चेंज कंट्रोल, म्हणजे बदलाचा अर्ज, टाकून, बीएमआरमध्ये (बॅचच्या नोंदपत्रात) स्टेप घालून, तीन बॅचचा डेटा घेऊनच. आमच्या क्यूएच्या मॅडमने सुरुवातीला साफ नाही म्हटलं, आणि त्यांचं बरोबरच होतं, डेटा नव्हता. डेटा दिल्यावर एका आठवड्यात सही झाली. आता सुरुवातीला पंप आणि फिलिंगच्या नोझल भरून घ्यायला जेवढं लागतं तेवढंच जातं, दोन-तीन लिटर.

कायमचा उपाय म्हणजे ते नोझल काढून फ्लश बॉटम व्हॉल्व्ह. याची बॉडी थेट टँकच्या डिशला वेल्ड होते, डायफ्रॅम किंवा पिस्टन बंद झाला की टँकच्या तळाशी जवळजवळ सपाट, मध्ये खड्डाच नाही. घेताना दोन गोष्टी नक्की बघा. पिस्टनचा प्रकार वर टँकमध्ये उघडणारा असेल तर स्टररच्या पात्याला लागतोय का ते मोजा, अँकर स्टरर तळाच्या फार जवळ असतो. आणि पिस्टनला ओ-रिंग असते, तिच्या मागे माल जातो का, सीआयपीत ती जागा धुतली जाते का ते वेंडरकडून सेक्शन ड्रॉइंग मागवून बघा, नुसत्या कॅटलॉगच्या फोटोवर जाऊ नका. घट्ट आणि कण असलेल्या मालाला मला डायफ्रॅमवाला प्रकार जास्त आवडतो, आत सरकणारा भागच नाही. टँक जॅकेटेड (दुहेरी भिंतीचा) असेल तर डिश कापणं हे साइटवर करायचं काम नाही, फॅब्रिकेटरकडे पाठवा, परत आल्यावर वेल्डची बोरोस्कोपी, पॅसिव्हेशन, प्रेशर टेस्ट, सगळं कागदासकट.

आता ऑरेंजवाला प्रॉब्लेम. त्याची दोन कारणं निघाली आणि दोन्ही एकाच व्हॉल्व्हवर होती, म्हणून इतकी वर्षं गोंधळ.

ट्रान्सफर लाइन आडवी, तिच्यावर वियर टाइप डायफ्रॅम व्हॉल्व्ह. या व्हॉल्व्हच्या आत मधोमध एक उंचवटा असतो, शेताच्या बांधासारखा, डायफ्रॅम वरून दाबून त्या बांधावर बसतो. आडव्या लाइनमध्ये व्हॉल्व्ह सरळ उभा बसवला, म्हणजे हँडल आकाशाकडे, तर बांधाच्या मागे पाणी साठणारच, लाइनला कितीही स्लोप द्या. म्हणून तो तिरका बसवायचा असतो. किती तिरका ते साइझप्रमाणे आणि मेकप्रमाणे बदलतं, त्यामुळे एक आकडा पाठ करून चालत नाही. चांगल्या मेकच्या बॉडीवर दोन्ही टोकांना बारीक खूण असते, रेघ किंवा ठिपका, ती बरोबर वर म्हणजे घड्याळात बारा वाजता आली की व्हॉल्व्ह आपोआप ड्रेन होतो. आमच्या व्हॉल्व्हवर ती खूण होती, पॉलिशखाली अंधुक, बाजूला भलतीकडेच. भाऊंना विचारलं तर त्यांना लख्ख आठवत होतं. लाइन टाकली तेव्हा व्हॉल्व्ह तिरकाच होता, नंतर बाजूने चिल्ड वॉटरची इन्सुलेटेड पाइप आली आणि हँडव्हील तिला घासायला लागलं, ऑपरेटरचा हात सोलवटायचा, म्हणून कुणीतरी क्लॅम्प ढिला करून व्हॉल्व्ह सरळ केला. हात वाचला आणि त्याच दिवसापासून प्रत्येक रिन्सनंतर बांधामागे थोडं थोडं राहायला लागलं. याची कुठेच नोंद नाही, कारण व्हॉल्व्ह बदललेला नाही, फक्त फिरवलाय.

तुमच्याकडे तपासायचं तर सोपं आहे. लाइन ड्रेन झाल्यावर, व्हॉल्व्ह उघडा ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग क्लॅम्प काढून आत बघा, बांधामागे पाण्याचा डोळा दिसतो का. व्हॉल्व्ह उघडा ठेवणं महत्त्वाचं, आमच्या एसओपीत रिन्स संपल्या संपल्या सगळे व्हॉल्व्ह बंद करायचं लिहिलं होतं, म्हणजे लाइन ड्रेन व्हायच्या आतच दार लावून घ्यायचं. ती ओळही बदलली. सोबत लाइनचा स्लोपही मोजा, मीटरला १० मिलिमीटर म्हणजे एक टक्का बरा पडतो, आमच्या दोन सपोर्टमधली लाइन मध्येच खाली झोल पडलेली निघाली, तिथेही पाणी. मोबाइलमधलं अँगल मोजायचं अॅप अंदाजाला ठीक आहे, रिपोर्टला कॅलिब्रेटेड लेव्हलच लावा.

दुसरं कारण डायफ्रॅमचं रबर. काढलेला डायफ्रॅम धुऊन, पुसून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या टेबलवर ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी उघडली तर संत्र्याचा भपकन वास. रबर नव्या डायफ्रॅमशेजारी ठेवलं तर जरा फुगलेलं, नखाने दाबलं तर मऊ. तो साधा ईपीडीएम होता. ईपीडीएम गरम पाण्याला, स्टीमला, कॉस्टिकला उत्तम, पण तेलकट पदार्थांना नाही, आणि संत्र्याच्या फ्लेवरमध्ये लिमोनीन असतं ते त्याच्यात मुरतं. मग तुम्ही कितीही रिन्स करा, रबर आतलं तेल थोडं थोडं सोडत राहणार. मेंथॉल, निलगिरी तेल घातलेले कफ सिरप ज्यांच्याकडे होतात त्यांनीही हे बघावं. उपाय पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) चेहरा आणि मागे ईपीडीएमचा आधार असलेला दोन तुकड्यांचा डायफ्रॅम. हा महाग पडतो, आणि बसवायची पद्धत वेगळी. पीटीएफई दाबाखाली हळूहळू पसरतं, त्यामुळे नवीन बसवल्यावर पहिल्या गरम सायकलनंतर लाइन थंड होऊ द्या आणि बोल्ट परत टॉर्क रेंचने आडवे-तिडवे क्रमाने, वेंडरने दिलेल्या टॉर्कला घट्ट करा. हे केलं नाही तर बॉनेटपाशी (व्हॉल्व्हच्या वरच्या टोपीपाशी) गळायला लागतं आणि मग स्टोअरमध्ये सगळे म्हणतात हा डायफ्रॅमच खराब. आमचाही पहिला सेट असाच बदनाम झाला होता. हँडव्हीलही पाइप लावून आवळायचं नाही, बांधावर डायफ्रॅम चिरडून कायमची घडी पडते.

या प्रकारच्या व्हॉल्व्हचा जन्मच वेस्ट थांबवायला झालाय हे मला नंतर कळलं. पी. के. सॉन्डर्स नावाचा इंजिनिअर दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत काम करताना गळक्या व्हॉल्व्हमधून जाणारी हवा आणि वीज बघून वैतागला आणि १९२० च्या दशकाच्या शेवटी त्याने हा डायफ्रॅमवाला व्हॉल्व्ह काढला. त्याच व्हॉल्व्हला आपण चुकीच्या अँगलने बसवून माल वाया घालवतो, याचं वाईट वाटतं.

बाकी ठिकाणं पटकन सांगतो. बॉल व्हॉल्व्ह प्रॉडक्ट लाइनमध्ये कुठे लपलेला आहे का बघा, ब्रेकडाऊनला स्पेअर मिळाला नाही म्हणून तात्पुरता लावलेला असतो आणि तिथेच राहतो. त्याच्या बॉलच्या मागे पोकळी असते, माल तिथे शिरतो आणि बंद-उघड करताना पुढच्या बॅचमध्ये येतो. युटिलिटीला चालेल, प्रॉडक्टला नको. टीसी गॅस्केट जास्त आवळलं की आतल्या बाजूला ओठासारखं बाहेर येतं, तोही एक छोटा बांधच, क्लॅम्प हाताने बसेल तेवढाच. आणि प्युरिफाइड वॉटरच्या यूजर पॉइंटला (पाणी घ्यायच्या जागी) जंतूंचा काउंट वाढतोय, लिमिट मिलीला १०० सीएफयू आहे आणि तुम्ही जवळ जवळ जाताय, तर लूप (पाणी फिरत राहणारी लाइन) सॅनिटाइझ करायच्या आधी तिथे लटकवलेला होज बघा. होजमध्ये रात्रभर पाणी राहिलं, तेही आपल्याकडच्या जून-जुलैच्या दमटपणात, की सकाळचं सॅम्पल खराबच येणार. होज काढून, निथळून, उभा वाळवायचा, आणि टी व व्हॉल्व्हमधलं अंतर मोजायचं. डेड लेग व्यासाच्या सहापट चालतो ही जुनी सहा डीची सवय आता सोडा, दोनच्या आत ठेवा, नवीन घेताना झिरो डेड लेग व्हॉल्व्ह घ्या.

सगळं बदलल्यावर खरंच धुतलं जातंय का हे बघायला रायबोफ्लेविन टेस्ट करा. लिटरला ०.२ ग्रॅम रायबोफ्लेविनचं पाणी आतून सगळीकडे लावायचं, सुकायच्या आत नेहमीचं रिन्स द्यायचं, मग अंधार करून यूव्ही लॅम्प. जिथे पिवळा-हिरवा चमकला तिथे पाणी पोचत नाही. आम्ही केली तेव्हा खुणेप्रमाणे परत तिरका केलेला व्हॉल्व्ह पूर्ण काळा, म्हणजे स्वच्छ, दिसला, आणि भाऊ दोन मिनिटं लॅम्प तिथेच धरून उभे राहिले. पण शेजारचा सॅम्पलिंग व्हॉल्व्ह चमकत होता, त्याच्याकडे आमचं लक्षच नव्हतं.

प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सच्या चेकलिस्टमध्ये आता प्रत्येक व्हॉल्व्हसमोर अँगलचा रकाना आहे, आणि बॉडीवरची खूण बाहेरून दिसावी म्हणून सपोर्टवर तिच्या रेषेत एक टॅग लावलाय, कुणी फिरवला तर चालता चालता कळतं. ती चिल्ड वॉटरची पाइपही १५० मिलिमीटर सरकवली, नाहीतर हात सोलवटतोय म्हणून परत कुणीतरी व्हॉल्व्ह सरळ केलाच असता. नव्या सॅम्पलिंग व्हॉल्व्हचा इंडेंट (मागणी) टाकलाय, डिलिव्हरीला वेळ आहे, तोपर्यंत तो प्रत्येक सीआयपीनंतर खोलून हाताने धुतोय आणि स्वॅब घेतोय. फ्लश बॉटमचं काम पुढच्या चवथीच्या शटडाऊनला. तुमच्यापैकी कुणी दोन इंची नोझलच्या जॅकेटेड टँकवर साइटवर न कापता हे केलं असेल तर किती दिवस लागले आणि रीक्वालिफिकेशनला (टँक परत पात्र ठरवायला) काय काय मागितलं ते जरूर कळवा, मला शटडाऊनचे दिवस आत्ताच ठरवायचेत.